आगीच्या गोळ्याची साक्ष

उन्हाळ्यात आमच्या जळकोटला माळवदावर झोपायची पद्धत होती. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गाड्या मंदावल्या की आभाळ जवळ यायचं. तारा तुटला की अम्मी म्हणायची, वरची खबर चोरून ऐकणाऱ्या सैतानाला फेकून मारलेला हा निखारा. शेजारच्या काकू म्हणायच्या, कुणाचा तरी जीव गेला.

एकदा राखणीला गेलेला एक म्हातारा सकाळी पारावर सांगू लागला, ‘‘रातच्याला आगीचा गोळा गेला. आधी उजेड पडला, अन् चिलीम भरून झाल्यावर आभाळ गडगडलं.’’ सगळे हसले. मीही हसलो. उजेडाबरोबरच आवाज यायला नको का?

पुढे वाचनात आलं, की म्हातारा बरोबर होता. साधी उल्का म्हणजे वाळूच्या कणाएवढा ऐवज. तो ऐंशी-शंभर किलोमीटर उंचीवर क्षणात जळून जातो. मोठा दगड आला तर अग्निगोल दिसतो. प्रकाश लगेच पोचतो, आवाज मात्र काही मिनिटांनी. उरलेला तुकडा जमिनीवर पडला, तर तो अशनी.

1621 च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळच्या एका गावात असाच गोळा पडला. तिथला आमिल महंमद सईद हसला नाही. त्यानं जळालेली जमीन खणून लोखंडाचा तुकडा काढला आणि बादशहाकडे पाठवला. जहांगीरनं तो तोलून घेतला. भरला 160 तोळे. उस्ताद दाऊदनं त्यात साधं लोखंड मिसळून हत्यारं घडवली. जहांगीरनं हे सारं आपल्या आत्मचरित्रात नोंदवलं. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

युरोपातले बहुतेक विद्वान मात्र अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत आभाळातून दगड पडतात हे मानत नव्हते. 1803 मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावी दगडांचा पाऊस पडला. बिओ हा शास्त्रज्ञ तिथं गेला, गावोगाव फिरला, लोकांच्या जबान्या घेतल्या, दगड तपासले. मग शंका मिटली.

2 एप्रिल 2022 ला गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी आम्ही रमजानचा चाँद बघायला माना वर करून उभे होतो. थोड्या वेळानं विदर्भातून फोन आला, ‘‘भाईजान, आभाळातून आग चाललीय!’’ कुणी म्हणे क्षेपणास्त्र, कुणी म्हणे उल्का. पण ती रेघ उल्केच्या मानानं फार सावकाश सरकत होती. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीच्या लोकांना धातूचं मोठं कडं सापडलं. तज्ज्ञांच्या मते तो चिनी रॉकेटचा अवशेष होता.

चाँद दिसल्याची गवाही आमच्याकडे नीट ऐकतात. कुठं पाहिला, कधी पाहिला, सोबत कोण होतं, हे विचारतात. त्या म्हाताऱ्याला आम्ही यातलं काहीच विचारलं नाही. माळ तर दोन कोसांवर होता. कुणीच बघायला गेलं नाही. आता म्हाताराही नाही.

तुमच्या गावात कुणी असं काही सांगू लागलं तर हसू नका. आधी वेळ विचारा, दिशा विचारा, आवाज कधी आला ते विचारा. आणि मग माळावर जाऊन बघा.