चित्रीकरण संपल्यानंतर

परीक्षा तीन तासांची असते, निकालाला मात्र महिना लागतो. हे मुलांना कधी पटत नसे. शेवटचा पेपर टाकला की त्यांच्या लेखी सगळे संपलेले, आणि आम्हा शिक्षकांचे तेव्हा कुठे सुरू व्हायचे. गठ्ठे मोजून घ्यायचे, पेपर तपासायचे, बेरजा पडताळायच्या, गुण पत्रकात चढवायचे आणि ते पुन्हा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. एक गठ्ठा मागे राहिला तरी सगळ्या वर्गाचा निकाल अडतो.

सिनेमाचेही असेच असते, हे मला माझ्या भाचीच्या मुलीमुळे कळले. ती मुंबईत मालिकांच्या आणि चित्रपटांच्या 'पोस्ट'चे काम बघते. (आमच्या एका वन्सं बरेच दिवस समजत होत्या की पोरगी टपाल खात्यात चिकटली!) 'पोस्ट' म्हणजे पोस्ट प्रॉडक्शन, चित्रीकरणानंतरचे सगळे काम. संकलन, आवाज, पार्श्वसंगीत, रंगांची दुरुस्ती, नावांच्या पाट्या. ती स्वतः यातले काहीच करत नाही. कोणाचे काम कधी सुरू व्हायचे, कोणाचे कोणावाचून अडले आहे, कोणती प्रत खरी, हे ती सांभाळते. "मावशीआजी, शूटिंग संपलं की सगळे पार्टी करतात आणि आमची जागरणं सुरू होतात," असे ती म्हणते.

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की आपल्याकडे हे काम पहिल्यांदा कोणी केले असेल? शोधत गेले तर उत्तर दादरच्या एका बिऱ्हाडात सापडले.

धुंडिराज गोविंद फाळके १९१२ साली लंडनला जाऊन आले. येताना त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि कच्ची फिल्म मागवली. विम्याची पॉलिसी गहाण पडली, घरातले दागिने गेले, हे आपण सगळ्यांनी वाचलेले असते. फाळक्यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात आपली हकीकत स्वतःच लिहिली आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटाने तर ती घरोघरी पोचवली. पण भोके पाडण्याच्या यंत्राकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

त्या काळी कच्ची फिल्म कोरी येई, म्हणजे तिच्या कडांना भोके नसत. भोके नसतील तर कॅमेऱ्याचे दाते फिल्म पुढे ओढणार कशी? म्हणून ती आधी अंधाऱ्या खोलीत यंत्रातून काढावी लागे. हे काम सरस्वतीबाई फाळके रात्री करत. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परतवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभे राहणे, आणि रात्री हे.

सहज हिशेब करून पाहिला. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे ५९,२०० चौकटी झाल्या. प्रत्येक चौकटीला एका बाजूला चार भोके, दोन्ही बाजू धरून आठ. एकूण ४,७३,६०० भोके! यंत्र होते हे खरे, पण ते चालवणारे हात होते. आणि ही झाली फक्त पडद्यावर आलेली लांबी. वाया गेलेली फिल्म यात नाही.

चित्रीकरणानंतर ती फिल्म रसायनात धुवायची, पाण्यातून काढायची, धुळीपासून जपत वाळवायची. निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह छापायची. मग तुकडे क्रमाने लावून कापायचे आणि चिकटवायचे. मूकपट असल्यामुळे मध्ये मजकुराच्या पाट्या घालायच्या. रसायन थोडे जास्त गरम झाले की एका दिवसाचे काम गेले, आणि पुन्हा तो प्रसंग घ्यायचा तर पुन्हा पन्नास माणसे गोळा करा. सहा महिने सत्तावीस दिवस हे सगळे चालले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला.

सरस्वतीबाईंना भारताची पहिली संकलक म्हणतात. मला वाटते तेवढ्याने त्यांचे काम पुरते सांगून होत नाही. हा डबा धुतलेला, तो वाळायचा आहे, याचा क्रमांक अमुक, हा उद्या लागणार. ज्या घरात इतक्या माणसांचे जेवण वेळेवर होते, त्या घरातल्या बाईला हे वेगळे शिकवावे लागत नाही. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, वाळवणाला आलेले ऊन, सगळे डोक्यात असावे लागते. आपल्या सिनेमाच्या या विभागाची पहिली व्यवस्थापिका तीच, असे मी तरी म्हणेन.

पुढे सिनेमा बोलू लागला आणि काम अवघड झाले. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यात चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फिल्मवर उमटत होते. स्टुडिओजवळून आगगाड्या जात, म्हणून चित्रीकरण रात्री चाले. वाद्ये वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपून बसत. गंमत पुढेच आहे. अशा फिल्मवर आवाज आपल्या चित्राच्या शेजारी नसतो, थोड्या चौकटी सोडून असतो. म्हणजे चित्र हवे तिथे कापले तर शब्द भलतीकडेच तुटतो. कात्री हातात, पण चालवायची कुठे!

नंतर चित्र एका फिल्मवर आणि आवाज दुसऱ्या फिल्मवर घेऊ लागले. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ मध्ये 'भाग्यचक्र' आणि 'धूप छाँव' या चित्रपटांत पार्श्वगायन आणले. गाणे आधी ध्वनिमुद्रित करायचे, ते वाजवून चित्रीकरण करायचे आणि शेवटी दोघांची गाठ घालायची. म्हणजे मोकळीक वाढली आणि सांभाळायच्या गोष्टीही वाढल्या. चित्रीकरणाआधी ती काळी पाटी टाळीसारखी वाजवतात ना, ती काही नुसता थाट नव्हे. पाटीवरचा आकडा चित्रात दिसतो, टाळीचा आवाज ध्वनीच्या पट्टीवर उमटतो, आणि संकलकाला दोन्ही पट्ट्या तिथे जुळवता येतात.

आमच्या कोल्हापूरच्या, पुढे पुण्याच्या 'प्रभात'ने तर हे काम दुप्पट केले. त्यांचे कितीतरी चित्रपट मराठीत आणि हिंदीत असे दोनदा चित्रित होत. 'अयोध्येचा राजा' (१९३२) तसा, 'कुंकू' (१९३७) तसा. 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१) घ्या. गजानन जागीरदार दोन्हीकडे, पण त्यांच्यासमोर मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मजहर खान. तोच प्रसंग, तेच कपडे, तोच देखावा. नोंदवहीत एक आकडा चुकला तर मराठी तुकड्याला हिंदी तुकडा जोडला जायचा. 'प्रभात'ची शिस्त आपण ऐकत आलो आहोत. ती केवळ वक्तशीरपणाची नसणार, ती डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचीही असणार.

या 'प्रभात'लाही एक फटका बसला होता. १९३३ चा 'सैरंध्री' रंगीत करायचा घाट घातला होता. त्यासाठी फिल्म जर्मनीत नेऊन तिथल्या प्रयोगशाळेत छपाई केली. शांताराम स्वतः गेले होते. पण रंग भडक आणि भलतेच आले. अभिनय होता, देखावे होते, आणि कोल्हापूरला जी मेहनत झाली ती परदेशातल्या रसायनात वाया गेली. पुण्यातल्या स्टुडिओत 'प्रभात'ची स्वतःची रसायनशाळा होती, स्वतःचा ध्वनिविभाग होता आणि संकलनाच्या खोल्या होत्या. १९३६ चा 'संत तुकाराम' तिथलाच. तुकोबा दामले-फत्तेलालांनी घडवला हे सगळ्यांना ठाऊक असते. तो जोडला ए. आर. शेख यांनी, हे मात्र श्रेयनामावलीशिवाय कुठे फारसे येत नाही.

आता कात्री गेली. १९९० नंतर हळूहळू संकलन संगणकावर आले. थिएटरात रिळांचे डबे येत नाहीत. मला वाटे, चला, आता या मुलांचे काम सोपे झाले असेल. नातीने समजावले ते असे. आधी चित्र पक्के करायचे, त्याला ते 'लॉक' म्हणतात. मग आवाजवाले, संगीतवाले, रंगवाले, भाषांतराच्या पाट्यांवाले आपापले काम सुरू करतात. समजा लॉक झाल्यावर कोणाला वाटले, मधली दोन सेकंदे काढावी. दूरदर्शनच्या हिशेबाने सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे ५० चौकटी गेल्या. तिथून पुढचा प्रत्येक संवाद, प्रत्येक पाऊल, सतारीचा प्रत्येक स्वर दोन सेकंदे मागेपुढे झाला. चार विभागांना पुन्हा कामाला लावायचे. दैनंदिन मालिका असेल तर भाग रात्री दाखवायचा असतो. चित्रपट असेल तर सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात त्याची लांबी नोंदलेली असते, त्यानंतर काही काढले-घातले की पुन्हा मंडळाला कळवा. तेव्हा "नाही, आता नाही" हे दिग्दर्शकाला सांगणारे कोणीतरी लागते. माझी नात बावीस वर्षांची असताना हे शिकली. आम्हाला मुख्याध्यापकांना असे सांगायला निवृत्ती जवळ यावी लागली.

या कामात शेवटची पायरी जपून ठेवण्याची. आपण सगळ्यात जास्त गमावले ते इथे. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि चौथे तेवढे आहे, आणि तेही १९१३ चे नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचे असावे असे काही अभ्यासक म्हणतात. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा साठा आगीत गेला, त्यात 'प्रभात'च्या मूळ फिल्मही होत्या. बऱ्याच चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, म्हणून ते आज पाहता तरी येतात. आणि जिथे हा साठा जळला ते आवार म्हणजे जुना प्रभात स्टुडिओच, १९६० पासून तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. (संग्रहालय २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.)

एक गोष्ट मात्र मन उभारी धरेल अशी आहे. संग्रहालय ज्यांनी उभे केले ते पी. के. नायर फाळक्यांच्या मुलांकडे गेले. त्यांना 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाचे सुटे, क्रम नसलेले तुकडे मिळाले. ज्यात फाळक्यांच्या मंदाकिनीने बाळकृष्णाचे काम केले आहे, तोच हा चित्रपट. आता हे तुकडे जोडायचे कसे? नायर सांगत असत की फाळक्यांच्या हस्ताक्षरातल्या टिपणांवरून त्यांनी क्रम लावला. मूकपट करणाऱ्या त्या माणसाने कोणते दृश्य कशानंतर येते हे वहीत लिहून ठेवले होते, म्हणून जवळजवळ पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तरी तो चित्रपट पुन्हा जोडता आला.

ही हकीकत मी नातीला फोनवर सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे सगळं हार्ड डिस्कवर असतं. काम संपलं की ती डिस्क पुसून पुढच्या चित्रपटाला वापरतात कधीकधी. कुठे काय ठेवलंय ते लिहून ठेवायला कोणी पैसे देत नाही." मी एवढेच म्हटले, तू लिहून ठेव. वहीत ठेव, शाईने ठेव, पैसे नाही मिळाले तरी ठेव. सरस्वतीबाईंनाही कोणी दिले नव्हते.

एक विनंती. चित्रपट संपल्यावर नावे वर सरकू लागतात तेव्हा आपण चपला शोधत असतो. पुढच्या वेळी दोन मिनिटे बसून पाहा. फार बारीक अक्षरात असतात ती माणसे. आणि घरात जुन्या लग्नाच्या, मुंजीच्या कॅसेटी असतील तर त्या चालतात तोवर उतरवून घ्या, वर नाव आणि साल घाला. आमच्याकडच्या तीन कॅसेटींवर नुसते 'मुंज' लिहिले आहे. कोणाची ते आता तुम्हीच येऊन ओळखा!