धाक आणि विश्वास

मुलांना फार कुरवाळलं की ती डोक्यावर बसतात, असं आपल्याकडे घरोघरी म्हटलं जातं. १९२८ साली अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञानं या अर्थाचं पुस्तकच लिहिलं. मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी हवं तर हात मिळवा, असा त्यांचा सल्ला. शिस्त लागायची तर माया आवरती घ्यावी, हा त्यामागचा विचार.

या विचाराची परीक्षा पुढे मेरी एन्सवर्थ यांनी घेतली. युगांडातल्या खेड्यांत आया आणि तान्ही बाळं यांचा अभ्यास त्यांनी आधी केलेला होता. १९६३ पासून बाल्टिमोर शहरात २६ कुटुंबांच्या घरी दर तीन आठवड्यांनी चार-चार तास बसून, बाळ वर्षाचं होईपर्यंत टिपणं काढली गेली. 'नको', 'इकडे ये' म्हटल्यावर कोणतं बाळ ऐकतं? १९७१ साली प्रसिद्ध झालेलं उत्तर वॉटसन यांच्या अगदी उलट होतं. आईनं किती वेळा दटावलं, किती वेळा हाताला धरून ओढलं, याच्याशी ऐकण्याचा संबंध दिसला नाही. ज्याचं रडणं, हसणं, भूक आई वेळेवर ओळखते, ते बाळ अधिक ऐकत होतं.

पण ही खाऊनपिऊन सुखी घरं. जिथे चुलीचीच चिंता, तिथे काय?

याचं उत्तर जुन्या कागदांत होतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे १९२८-२९ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तिथलं विद्यापीठ ठेवत होतं आणि तेवढ्यात महामंदी कोसळली. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात त्या नोंदींचा नव्यानं अभ्यास केला. मिळकत घटली की बाप चिडचिडा होई. आज ज्या गोष्टीसाठी मार, उद्या त्याच गोष्टीकडे काणाडोळा. कशाचाच नेम नसल्यानं मूल आकांडतांडव करी आणि ते पाहून बाप आणखी बिथरे. शेजारच्या ओकलंडमधली मुलं सात-आठ वर्षांनी मोठी होती. घरकामाला हातभार लावून, चार पैसे मिळवून ती त्याच मंदीतून बरीचशी सावरली. धाकट्यांच्या, त्यातही मुलग्यांच्या, वाट्याला अधिक झळ आली.

म्हणजे गरिबी मुलापर्यंत बरेचदा आईबापांच्या मन:स्थितीतून पोचते. म्हणूनच कामावरून दमून, अपमान गिळून घरी आलेल्या माणसाला 'मुलांशी प्रेमानं वागा' एवढाच उपदेश पुरत नाही. त्याच्या हाताला काम आणि जिवाला थोडी उसंत मिळाली, तर लेकराची हाक त्याला ऐकू येईल. आणि ज्याची हाक ऐकली जाते, ते लेकरू आपलंही ऐकतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)