नो डिस्क

मावशीच्या लग्नाची व्हीसीडी होती. तीन डिस्क, वर स्केचपेनानं काढलेले १, २, ३. शेजाऱ्यांनी नवाकोरा डीव्हीडी प्लेअर आणला तेव्हा आम्ही ती घेऊन गेलो. प्लेअरनं ती आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि समोर अक्षरं आली : नो डिस्क. मावशी, मांडव, पुढच्याच वर्षी गेलेले आजोबा, सगळे त्या डिस्कवर होते, आणि यंत्र म्हणत होतं की आत डिस्कच नाही. गंमत म्हणजे दुकानातून भाड्यानं आणलेली सिनेमाची व्हीसीडी त्याच यंत्रावर झकास चालली.

कारण साधं होतं, पण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून छापलेली असते. लग्नवाल्याची सीडी-आर, म्हणजे रंगाच्या थरावर लेझरनं लिहिलेली. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०चा. सीडी-आरचा तो रंग ७८०चा प्रकाश परावर्तित करायचा, ६५०चा मात्र गिळून टाकायचा. ज्या प्लेअरमध्ये दोन्ही लेझर नव्हते, त्याला खरोखरच काही दिसत नव्हतं. खोटं बोलत नव्हता बिचारा.

मुळात व्हीसीडी हा एक जुगाड. १९९३ साली फिलिप्स, सोनी, जेव्हीसी आणि मात्सुशिता यांनी तिचे नियम ठरवले. गाण्याची सीडी ज्या वेगानं फिरते त्याच वेगात चित्र बसवायचं, म्हणून चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं. आपला तीन तासांचा सिनेमा त्यामुळे तीन डिस्कवर यायचा, आणि हाणामारी ऐन रंगात आली की कुणीतरी उठून डिस्क बदलायचं. जागा वाचवण्यासाठी चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही कापली होती. डेटा सीडीच्या एका कप्प्यात २०४८ बाइट, व्हीसीडीच्या तेवढ्याच कप्प्यात २३२४. ओरखडा पडला की नायिकेच्या चेहऱ्याचे चौकोन होत, ते या काटकसरीमुळे.

डीव्हीडी आली १९९६मध्ये, जपानात. तिचं चित्र सुरेख, पण सोबत कुंपण. स्टुडिओंनी जगाचे विभाग पाडले : अमेरिका १, भारत ५. अमेरिकेतल्या काकांनी प्रेमानं आणलेली डिस्क इथं चालायची नाही. मग रिमोटवर कुठले आकडे कुठल्या क्रमानं दाबले की कुंपण पडतं, हे ज्ञान गल्लीत तोंडी फिरायचं.

तिसरं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. १९९८ साली अमेरिकेतल्या सर्किट सिटी या दुकानसाखळीनं 'डिव्हएक्स' नावाची डिस्क काढली. विकत घ्या, ४८ तास बघा, मग पुन्हा पैसे भरा. लोकांनी ती नाकारली, वर्षभरात बंद पडली. त्याच सुमारास जेरोम रोटा या फ्रेंच तरुणानं मायक्रोसॉफ्टचं एक व्हिडिओ तंत्र फोडून त्यावरची बंधनं काढली आणि चेष्टेनं तेच नाव ठेवलं, पुढे डोळा मारणारं चिन्ह जोडून. आता अख्खा सिनेमा एका ७०० एमबीच्या सीडीवर मावू लागला. काही वर्षांत ते नाव प्लेअरच्या खोक्यावर प्रतिष्ठेनं छापलं जाऊ लागलं. चोरवाटेचा हमरस्ता झाला म्हणायचा! तरी फाइल बनवणाऱ्यानं एखादी जास्तीची करामत वापरली असेल तर चित्र थिजायचं, कारण संगणकाला जमणारं सगळं प्लेअरच्या चिपला जमत नसे. टीव्हीला पेनड्राइव्ह लावल्यावर चित्र येतं पण आवाज नाही, हा तुमचा अनुभव याच घराण्यातला.

आपल्याकडे २००७मध्ये मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. तेवढ्यात भाड्याची दुकानं संपत आली.

गेल्या दिवाळीत मावशीच्या डिस्क पुन्हा काढल्या. मित्राच्या जुन्या संगणकात ड्राइव्ह होता. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर, त्यात एक डॅट फाइल. तिचं शेपूट बदलून एमपीजी केलं आणि ती फोनवर चालू झाली. पहिली डिस्क पूर्ण उतरली, तिसरीही. दुसरी एकविसाव्या मिनिटाला अडकली. चार वेळा पुसली, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. मंगलाष्टकं तिच्यावर आहेत. आजोबा तिसरीवर आहेत, पंगतीत वाढताना, जिलबीचं ताट हातात, कॅमेऱ्याकडे पाठ करून.