एका स्मृतिनिधीचा प्रयोग आणि नंतरचे अठ्ठ्याऐंशी दिवस

८ जुलै १९२१. मुंबईतील ग्रँट रोड परिसरातले बालीवाला थिएटर. मराठी रंगभूमीवरील दोन प्रतिस्पर्धी नाटकमंडळ्यांचे दोन मालक, दोघेही कीर्तीच्या शिखरावर असताना, त्या रात्री एकाच रंगमंचावर उभे राहिले. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. नाटक होते कृ. प्र. खाडिलकरांचे ‘मानापमान’. नाट्येतिहास हा प्रयोग ‘संयुक्त मानापमान’ या नावाने ओळखतो.

प्रयोग होता एका दिवंगत पुढाऱ्याच्या स्मृतिनिधीसाठी. आणि त्या दोन नटांपैकी एकाचे आयुष्य आता जेमतेम अठ्ठ्याऐंशी दिवसांचे उरले होते. लोक आपल्या आवडत्या माणसांची आठवण कशी आणि कशाच्या आधारे जपतात, हे पाहायचे तर मराठी इतिहासात याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

आरंभ अकरा महिने मागे जातो. १ ऑगस्ट १९२० रोजी सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. भर पावसात अंत्ययात्रेला लाखोंचा जनसमुदाय लोटला. दहन नेहमीच्या स्मशानात झाले नाही. खास परवानगीने गिरगाव चौपाटीच्या वाळूत चिता रचली गेली. पण शोक ओसरल्यावर पुढे काय? गांधीजी आणि काँग्रेस यांनी त्या शोकाला एक काम दिले. १९२१ च्या वसंतात बेझवाड्याच्या बैठकीत ठरले की, टिळक स्वराज्य फंडासाठी जूनअखेरपर्यंत एक कोट रुपये जमवायचे. त्या काळात ही रक्कम अचाट वाटावी अशीच होती. तरीही स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले, व्यापाऱ्यांनी थैल्या सोडल्या. स्मरण म्हणजे केवळ हळहळ नव्हे, त्याची पावतीही फाडता येते, हे देशाने बहुधा तेव्हा प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर अनुभवले.

नाटकवाले यात मागे राहणे शक्यच नव्हते. टिळक आणि मराठी नाटक यांचे नाते जुने होते. खाडिलकर तर ‘केसरी’तले त्यांचे सहकारी. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचे गाणे ऐकून त्याला ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांनीच दिले, अशी परंपरा आहे. ज्याच्या तोंडून हे नाव पडले असे मानले जाते, त्याच्याच स्मृतिनिधीसाठी बालगंधर्व त्या रात्री शालू नेसून उभे होते.

केशवरावांची वाट मात्र वेगळी. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात, गरीब मराठा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. शाळा फारशी वाट्याला आली नाही. बालपणीच त्यांनी स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीची वाट धरली. देवलांच्या ‘शारदा’ नाटकातील शारदेच्या भूमिकेने या मुलाचे नाव सर्वत्र झाले. पुढे १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही मंडळी उभी केली, तेव्हा त्यांचे वय होते अवघे सतरा. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्याहून मोठे श्रेय असे की, हिराबाई पेडणेकर या कलावंतीण घराण्यातील स्त्रीने लिहिलेले ‘दामिनी’ रंगभूमीवर आणण्याचे धाडस याच मंडळीने केले. मामा वरेरकरांसारखा नवा नाटककारही केशवरावांनीच पुढे आणला.

येथे एक गुंता आहे आणि तो टाळून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. केशवराव ज्या कोल्हापूरचे, तेथील राजर्षी शाहू महाराज त्यांच्या कलेचे आश्रयदाते होते. वेदोक्त प्रकरणात शाहू आणि टिळक समोरासमोर ठाकले होते आणि तो दुरावा टिळकांच्या मृत्यूपर्यंत मिटला नाही. ब्राह्मणेतर चळवळीचे केंद्र असलेल्या शहराचा लाडका गायकनट टिळकांच्या नावाच्या निधीसाठी गातो, ही घटना १९२१ साली साधी नव्हती. पण राजकारणाने आखलेल्या रेषा रसिकतेला नेहमीच मान्य असतात असे नाही.

प्रयोगाची उत्सुकता विलक्षण होती. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढवला गेला होता, तरी नाट्यगृह भरून गेले आणि उत्पन्न सोळा हजारांच्या पलीकडे गेले. या गर्दीचे कारण केवळ टिळकभक्ती नव्हते. गंधर्वांचे चाहते आणि भोसल्यांचे चाहते असे दोन तट तोपर्यंत पडलेच होते. एकाचे गाणे लडिवाळ आणि लयीत डोलणारे, दुसऱ्याचे तडफदार, तानेवर झेपावणारे. वझेबुवांची तालीम लाभलेला केशवरावांचा गळा आणि भास्करबुवा बखल्यांकडे शिकलेला बालगंधर्वांचा गळा समोरासमोर येणार होता. आज क्रिकेटच्या सामन्याआधी जो वाद रंगतो, तोच त्या काळी चहाच्या दुकानांत आणि वाड्यांच्या ओसऱ्यांवर रंगत असे.

मग त्या रात्री कोण जिंकले? या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षे दिले जात आहे आणि ते सांगणारा कोणत्या गोटातला, यावर ते अवलंबून असते. केशवरावांचे चाहते सांगत की, धैर्यधराने रात्र मारून नेली. गंधर्वांचे चाहते सांगत की, भामिनीच्या एका मुरक्यापुढे सगळ्या ताना फिक्या पडल्या. पुरावा काहीच नाही. कर्ण्यासमोर गायलेले जेमतेम तीन मिनिटे साठवणारी ती ध्वनिमुद्रिकांची दुनिया होती. रात्रभर चालणारा प्रयोग मुद्रित करणे तंत्राच्या आवाक्याबाहेर होते. त्या रात्रीचे जे काही उरले ते ऐकणाऱ्यांच्या कानात, आणि पुढे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे चाहत्यांच्याच साक्षीवर विसंबावे लागते, आणि चाहता हा जगातील सर्वांत प्रेमळ पण सर्वांत पक्षपाती साक्षीदार असतो.

४ ऑक्टोबर १९२१. विषमज्वराने केशवराव गेले. वय एकतीस.

जुलैत ज्यांनी शंभर रुपये मोजून किंवा पिटातल्या गर्दीत चेंगरून तो आवाज ऐकला होता, त्यांच्यासाठी ही बातमी कशी असेल याची कल्पनाच करावी. एका दिवंगताच्या स्मरणार्थ झालेला तो प्रयोग आता गाणाऱ्याचेच स्मारक झाला. त्यानंतर केशवरावांची आठवण निघाली की संयुक्त मानापमानाची निघे, आणि तो प्रयोग पाहिलेला माणूस आयुष्यभर ते मिरवत असे. नाटकाच्या वेडाने घडलेल्या त्या पिढीत ‘मी पाहिला आहे’ हे तीन शब्द म्हणजे एखादी पदवीच होती.

पण मंडळीचे काय? मालक गेला की बिऱ्हाड मोडते, हा त्या काळच्या नाटकधंद्याचा रिवाज. ललितकलादर्श मोडली नाही. केशवरावांच्या तालमीत तयार झालेले बापूराव पेंढारकर पुढे झाले आणि १९२२ सालीच वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ त्यांनी रंगमंचावर आणले. बापूरावांचे १९३७ साली निधन झाले. पुढे त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी मंडळीचे नाव पुन्हा उभे केले. केशवराव गेले त्याच वर्षी, नोव्हेंबरात, जन्मलेला हा मुलगा. त्यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’सारखी नाटके तर केलीच, शिवाय संगीत नाटकांचे प्रयोग ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवण्याचा ध्यास घेतला. ज्या मंडळीच्या संस्थापकाची सर्वांत गाजलेली रात्र हवेत विरून गेली, त्याच मंडळीच्या वारसाने इतरांच्या रात्री जपून ठेवाव्यात, हा योगायोग असेलही. पण मन तसे मानत नाही.

दुसरीकडे बालगंधर्व जगले. आणि चाहत्यांसाठी हेही सोपे नव्हते. केशवराव स्मरणात सदैव एकतीस वर्षांचे राहिले; त्यांचा आवाज कधी थकला नाही, त्यांची मंडळी त्यांच्या डोळ्यांदेखत कधी रिकाम्या खुर्च्यांपुढे उभी राहिली नाही. बालगंधर्वांच्या वाट्याला ते सगळे आले. बोलपट आले, प्रेक्षक तिकडे वळला, १९३५ साली खुद्द गंधर्वांनीच प्रभातच्या ‘धर्मात्मा’त भूमिका केली. पुढे आजारपण, ओढग्रस्त आणि पद्मभूषणाचा उशिरा आलेला मान. ज्यांनी त्यांना ऐन भरात ऐकले होते, ते आता जिवंत माणसासमोर बसून गेलेल्या काळाची आठवण काढत. मृत्यूनंतरचे स्मरण दुःखद खरे, पण हे जिवंतपणीचे स्मरण त्याहून अवघड.

पुण्यात ८ ऑक्टोबर १९६२ रोजी एका नाट्यगृहाची कोनशिला बसवली गेली, ती बालगंधर्वांच्याच हस्ते. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले.

कोल्हापूरला नवी वास्तू बांधावी लागली नाही. युरोपच्या प्रवासात पाहिलेली नाट्यगृहे मनात ठेवून शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभारले होते. स्वातंत्र्यानंतर त्यालाच नाव मिळाले, संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. बाहेरगावाहून आलेल्या नटाला तेथे पाऊल टाकताना आजही दडपण येते, असे नाटकवाले सांगतात. नाव कोणाचे, हे कदाचित प्रेक्षकांतील तरुणाला ठाऊक नसेल. पण रिक्षावाल्याला ‘केशवराव भोसले’ एवढेच सांगितले की पुरे. एखाद्या गायकाचे नाव पत्ता होऊन बसणे, यापेक्षा टिकाऊ स्मरण फार थोड्यांना लाभते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. लाकडी रंगमंच, पडदे, खुर्च्या, छत असे सारे ज्वाळांत गेले. खासबागेकडील भागही होरपळला. दुसऱ्या दिवशी उजाडली ती ९ ऑगस्ट, केशवरावांची जयंती. कोल्हापूरचे नट, तंत्रज्ञ, तालमीतले जुने लोक आणि साधे प्रेक्षक त्या काळवंडलेल्या दगडी भिंतींसमोर जमले. त्यांच्यातील एकानेही केशवरावांना गाताना ऐकले नव्हते. ऐकलेल्यांपैकी शेवटचा माणूस जाऊनही बराच काळ लोटला होता. तरी अनेकांना रडू आवरले नाही. नाट्यगृह होते तसेच पुन्हा उभे करा, ही मागणी राखेतून धूर निघत असतानाच सुरू झाली होती.