शेगडी निवडताना: चूल, वैल आणि चार बर्नर

चौलच्या आमच्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करतोय. शेगडी निवडायचं काम माझ्याकडे आलं आणि मी सवयीप्रमाणे एक्सेल शीट उघडली. काचेचा टॉप, चार बर्नर, ऑटो इग्निशन. आईने एकच विचारलं, "आणि यावर भाकरी कशी फुगवायची?"

तिथून हा एपिसोड सुरू झाला.

चौल म्हणजे नारळ-सुपारीच्या वाड्या. जळण वाडीतूनच यायचं: झावळ्या, सोडणं, करवंट्या. चुलीला लागून वैल असायचा. मुख्य जाळावर भात शिजायचा आणि उरलेल्या धगीवर आमटी गरम राहायची. म्हणजे मोठा बर्नर-छोटा बर्नर ही आयडिया कुठल्याही कंपनीची नाही बरं का!

सिलिंडर आला मुंबईत. १९५५ मध्ये बर्मा-शेलने 'बर्शेन' नावाने घरगुती गॅस विकायला सुरुवात केली. पुढे कितीतरी वर्षं कनेक्शनसाठी नंबर लावून थांबावं लागायचं. आमच्याकडेही तसंच, तोवर वातीचा स्टोव्ह. आणि आपल्याच अलिबाग तालुक्यात, उसरला, गेलच्या प्रकल्पात नैसर्गिक वायूतून एलपीजी वेगळा काढायचे!

गॅसने खरा बदल केला तो उंचीत. सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर हवी, हा सुरक्षेचा नियम. म्हणून ओटा हवा. पाटावर बसून रांधणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. आजी मात्र ओटा झाल्यावरही भाजी चिरायला खाली विळीवरच बसायची.

आता निवड. आयएसआय मार्क बघाच. चार बर्नरवाल्या शेगडीवर मी टेप लावली, तर आमची दोन मोठी पातेली शेजारी-शेजारी बसेनात. मग चार बर्नर कशाला? काच टफन्ड असली तरी कडेला जोरात ठोका बसला की एकदम चुरा होतो. ग्रॅनाइट कापून बसवायचा हॉब घेतला, तर पुढचाही त्याच मापाचा शोधत बसा. पाइपचा गॅस येण्याची शक्यता असेल तर जेट बदलून मिळतात का ते आधीच विचारा. त्याला मोठ्या भोकाचं जेट लागतं.

शेवटी ओट्यावर ठेवायची स्टीलची, तीन बर्नरची घेतली. आईने दुकानातच तवा बाजूला सरकवल्यासारखं करून, जाळीवर भाकरी नीट बसेल का ते हाताने मापून बघितलं. छोट्या बर्नरला ती आता वैल म्हणते.

राहिली मागच्या पडवीतली आजीची चूल. नव्या प्लॅनमध्ये तिथे वॉशिंग मशीन आहे. गवंडी सोमवारी येतोय आणि आई अजून हो म्हणालेली नाही.