रेवसची वाट आणि जीवनरक्षक नौका

कोकण किनाऱ्यावरची आगबोटींची वाहतूक पावसाळ्यात बंद असे. मुंबई-रेवस ही जवळची फेरी मात्र चालू राही. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून याच वाटेने निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी ती एका अंगाला कलली, घाबरलेले उतारू दुसऱ्या बाजूला धावले आणि काही मिनिटांत ती उलटली. सहाशेहून अधिक जण बुडाले.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला कित्येक तास लागले. तोवर जे वाचले, त्यांतले बरेच रेवसकडच्या कोळ्यांच्या मचव्यांनी वाचवले होते. मासळी घेऊन निघालेल्या त्या तांडेलांनी त्या दिवशी केलेल्या कामाला किनाऱ्याच्या इतिहासात फार मोठी जागा मिळायला हवी.

जहाजावर जीवनरक्षक नौका पुरेशा हव्यात, हा धडा त्याआधीच मिळाला होता. ‘टायटॅनिक’ 1912 मध्ये बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे 2,200 माणसे होती आणि 20 जीवनरक्षक नौकांत जागा 1,178 जणांचीच. नौका किती हव्यात हे त्या काळी जहाजाच्या आकारमानावरून ठरे, माणसांवरून नव्हे. त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आज चालू असलेला करार 1974 चा आहे.

पण पुरेशा नौका असणे ही अर्धीच सोय. दोरावर टांगलेली नौका वेळेत पाण्यात उतरली पाहिजे. जहाज कलले की वरच्या बाजूची नौका जहाजाच्या अंगाला घासत अडकते आणि खालच्या बाजूची दूर लोंबकळते. म्हणून जहाज 20 अंश कलले तरी नौका उतरवता आल्या पाहिजेत, असा आजचा नियम आहे. शिवाय कवायत हवी: सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे जमण्याच्या जागी जाण्याची खूण. ‘रामदास’सारखी बोट मिनिटांत उलटते तेव्हा मात्र नौका सोडायला सवडच मिळत नाही. तिथे उपयोगी पडते ते अंगावरचे जीवरक्षक जॅकेट, आपोआप सुटून वर येणारे तराफे आणि जवळपासची दुसरी बोट.

18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हाही अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. मदतीला नौदल आणि तटरक्षक दलाबरोबर आसपासच्या बोटीही धावल्या. बोटीत जॅकेट मिळाले, तर उतारूने ते धक्का सोडण्यापूर्वीच अंगात घालावे.