वचा, वज, वेखंड

काष्ठौषधींच्या दुकानात वेखंड मागितले, की दुकानदार गाठीगाठींचा, तपकिरी, उग्र वासाचा तुकडा पुडीत बांधून देतो. बाळगुटीत तो असतोच. संस्कृतात त्याचे नाव वचा. जुन्या वैद्यांनी हे नाव ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूशी जोडले आणि मुलाला स्वच्छ वाचा फुटावी म्हणून वेखंड मधात उगाळून चाटवायची रीत पडली. कविता लिहिणाऱ्या माणसाला हे नाव मोहात पाडणारच! हकिमांच्या युनानी ग्रंथांत हेच मूळ ‘वज’ या नावाने भेटते. अरबी-फारसीने आपली वचा उचलली आणि शेवटचा स्वर तेवढा गाळला, असे दिसते.

गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याचा औषधींवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचे जाणेयेणे होते. या ग्रंथात त्याने वेखंडाची नावे गोळा केली आहेत. गुजरातेत ‘वाझ’, दख्खनेत ‘बाचे’, कोकणात ‘वायकाम’. हे ‘वायकाम’ म्हणजे परक्या कानाने टिपलेले आपले वेखंडच. थंडीच्या दिवसांत लोक ते लसूण, मीठ, लोणी यांबरोबर कुटून घोड्यांना देतात, असेही तो सांगतो.

आता गंमत पाहा. या ग्रंथाचा लॅटिन सारांश १५६७ साली अँटवर्पला निघाला. तो करणारा वनस्पतीशास्त्रज्ञ क्लुसियस. पुढे सातच वर्षांनी, १५७४ साली, त्याच क्लुसियसने व्हिएन्नात वेखंडाचे जिवंत रोप वाढवले. रोप मात्र गोव्याहून गेले नव्हते. ते आले तुर्कस्तानातून. क्लुसियसने मुळाचे तुकडे मित्रांना वाटले आणि युरोपातल्या तळ्याकाठी वेखंड पसरत गेले. पोलंडमध्ये त्याला ‘तातारांची वनस्पती’ अशा अर्थाचे नाव आहे. तातार स्वार जिथे पाणी प्यायला थांबत तिथे ते लावत, अशी तिकडची लोककथा.

युरोपातल्या या वेखंडाला बी धरत नाही. त्याच्या गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे ते वांझ. म्हणजे वाऱ्याने किंवा पाखराने ते दूरदेशी नेलेले नाही. कुणीतरी चिखलातून मूळ उपटले, ओले ठेवले, शेकडो कोस नेले आणि पुन्हा चिखलात खोचले. पुराचे पाणी तुकडे वाहून नेते, पण ते नदीच्या खोऱ्यापुरतेच. समुद्र आणि डोंगर त्याने ओलांडले ते माणसाच्या हातून.

आपल्याकडेही लागवड मुळापासूनच होते. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कोरटगेरे तालुक्यात वेखंडाची शेती करतात. भातासारखी चिखलणी करायची, डोळा असलेले मुळाचे तुकडे सुमारे फूटभर अंतराने रोवायचे आणि जमीन सुकू द्यायची नाही. तलवारीसारखी पाती वर येतात. चुरगाळली की हाताला वास राहतो. वर्षभरात पाती पिवळी पडू लागली, की पाणी तोडून मुळे खणतात, तंतुमुळे काढतात, तुकडे करून वाळवतात. काढताना थोडे मूळ राखले की पुढच्या वर्षाची सोय झाली. कोकणात किंवा मावळात ज्याच्या शेताच्या कडेला बारमाही पाझर आहे, त्याने करून पाहावे असे हे पीक आहे. कोरडवाहूवाल्याने नादी लागू नये.

तमिळमध्ये याला ‘वसंबु’ म्हणतात. आणखी एक लाडके नाव आहे, त्याचा अर्थ ‘मूल वाढवणारे’. मद्रासकडे नोकरी केलेला ब्रिटिश शल्यवैद्य व्हाइटलॉ एन्स्ली याने १८२६ च्या आपल्या ग्रंथात एक नोंद केली आहे. लेकरांच्या पोटदुखीवर या मुळाचा एवढा लौकिक, की मध्यरात्री कुणी मागितले आणि औषधविक्याने दार उघडले नाही तर त्याला दंड होई! आजारी मुलाला उराशी धरून रात्री दार ठोठावणाऱ्या आईची बाजू घेणारा याहून सरळ नियम माझ्या वाचनात नाही.

पण आज त्या आईला दुसरेही काही सांगावे लागते. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. जम्मूकडच्या वेखंडाचे तेल खाऊ घातलेल्या उंदरांना गाठी झाल्या आणि १९६८ साली अमेरिकेने वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी केली. हे द्रव्य भारतीय वेखंडात युरोपातल्यापेक्षा जास्त, तर अमेरिकेतल्या मूळच्या जातीत जवळजवळ नसतेच. सहाणेवर वेढे मोजून उगाळणाऱ्या आजीचा हात जपून चालत असे. विकतच्या पुडीला तो हात नसतो, आणि त्या वेढ्यातही हे द्रव्य किती उतरते हे डोळ्यांना दिसत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात वेखंड घालण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. धान्याच्या कणगीत किंवा पोथ्यांच्या रुमालात कीड लागू नये म्हणून ठेवायच्या तुकड्याला मात्र कुणाला विचारायला नको.